आंदोलनात पोलिसांनी उचललं तर काय करायचं (स्पर्धा परीक्षावाल्यांनी जरूर वाचा)

मार्च २०२१ ला एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा परत पुढे ढकलली तेव्हा पुण्यात नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली, ऑगस्ट २०२४ ला आयबीपीएस (बँक भरती) आणि एमपीएससीचे पेपर एकाच दिवशी आले तेव्हा परत बसली, दोन्ही वेळा आयोगाला तारीख बदलावी लागली. म्हणजे शांतपणे बसून काम होतं. पण व्हॅन आली की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, केस पडली तर पोस्ट गेली. म्हणून हे लिहितोय.

आधी कागद. पोलिस स्टेशनला परवानगीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का तारखेसकट. परवानगी नाही मिळाली तरी पोच असू दे, तुम्ही लपूनछपून काही केलं नाही याचा तो पुरावा. मग बहुतेक वेळा आयोजकांना गुन्हा घडू नये म्हणून ताकीद देणारी नोटीस येते, जुन्या लोकांच्या तोंडी १४९ ची (जुन्या सीआरपीसीचं कलम), आता त्या जागी बीएनएसएस हा नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आल्यापासून कलम १६८. नोटीस म्हणजे गुन्हा नाही. घ्या, वेळ टाकून सही करा, फोटो काढा. शहरात महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या ३७ खाली जमावबंदी चालू आहे का तेही बघून ठेवा, बऱ्याचदा असतेच आणि मग तेच कारण पुढे करतात.

ग्रुपमधला एक जण बाहेर राहिलाच पाहिजे, घोषणा देत पुढे नाही, लांब. त्याच्याकडे सगळ्यांची पूर्ण नावं, घरचा नंबर, वकिलाचा नंबर, आणि हे सगळं कागदावर, कारण मोबाईल आधी जातो (फिंगरप्रिंट लॉक काढून पिन ठेवा, आणि फोन घेतलाच तर जप्तीचा पंचनामा मागा). कोणाला किती वाजता कुठल्या गाडीत घातलं, हे त्याने तिथल्या तिथे लिहायचं. हिरोगिरी करणारे दहा मिळतात, हे काम करायला कोणी तयार नसतं.

उचलल्यावर पहिला प्रश्न, शांत आवाजात: साहेब, ताब्यात घेतलंय की अटक? खूपदा महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या ६८-६९ खाली नेतात, दोन-चार तास बसवतात, नाव-पत्ता लिहून सोडतात. ती अटक नाही. सोडताना सही मागितली तर आधी वाचा, कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही. अटक असेल तर कारण लेखी मिळालं पाहिजे, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ ला हे परत ठणकावून सांगितलंय. घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, मेडिकल, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं, हे सगळं त्यांना करावंच लागतं. मुलींना सूर्यास्तानंतर अटक करायची तर मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते आणि महिला अधिकारी लागते. वकिलाला पैसे नाहीत? १५१०० ला फोन करा, कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारलं असेल तर तिथेच बोला, कुठे मारलं ते दाखवा, लिहून घ्या म्हणा. मागे पोलिस उभे असतात, घाबरायला होतं, मान्य. पण परभणीचं प्रकरण आठवा. लॉचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला, शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमा आल्या, आणि सरकारने सभागृहात काय सांगितलं तर त्याने मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार केली नव्हती. पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश औरंगाबाद खंडपीठाकडून यायला जुलै २०२५ उजाडलं. सुटून आल्यावर जखमा असतील तर सरकारी दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे जखमांची कायदेशीर नोंद) करा, त्याच दिवशी. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट आहे, पण वर्षाच्या आत करायची.

आणि नोकरीचं. गुन्हा दाखल झालाय का हे ऐकीव माहितीवर ठेवू नका, एफआयआर पोलिसांच्या वेबसाईटवर टाकावा लागतो, संवेदनशील गुन्हे सोडून, तिथे शोधा. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) तो लिहा, लपवू नका. पोरं घाबरून "नाही" लिहितात आणि तिथेच फसतात, कारण नुसतं लपवल्याबद्दलही नोकरीवरून काढता येतं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाकडे नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो असं म्हटलंय, पण ते त्याच्या मर्जीवर आहे, तुमचा हक्क नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यायचे जीआर सरकार मधूनमधून काढतं, जीवितहानी नसेल आणि नुकसान ५ लाखांच्या आत असेल तर. नुसता जीआर आला म्हणून केस संपत नाही बरं का, सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने तो मंजूर करावा लागतो, तोपर्यंत तारखांना जात राहा आणि ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी हातात आल्याशिवाय फाईल फेकू नका.