एफपीव्ही ड्रोन (त्याच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचा) बनवताय? पहिली बॅटरी लावायच्या आधी या चुका टाळा

माझा पहिला फोर-इन-वन ईएससी (चारही मोटरचा वेग सांभाळणारा एकच बोर्ड) एकदाही हवेत गेला नाही. बॅटरी लावली, चट्ट आवाज आला, धुराची बारीक रेघ वर आली आणि साठवलेले सगळे पैसे तिथेच गेले. प्लस आणि मायनसच्या पॅडमध्ये सोल्डरचा केसाएवढा धागा राहिला होता, बाकी काही नाही. म्हणून आधी सोल्डरिंगबद्दलच सांगतो.

बॅटरीचे पॅड मोठे असतात, आतलं तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २५ वॅटचा बारीक टोकाचा आयर्न तिथे पुरतच नाही, सोल्डर वितळतं पण पॅडला धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतं आणि वायर जरा ओढली की निघून हातात येतं. निदान ६० वॅटचा आयर्न, रुंद टोक, ४०० अंशांच्या आसपास तापमान, भरपूर फ्लक्स आणि ६३/३७ सोल्डर घ्या. जोड चकचकीत हवा, कडेपर्यंत पसरलेला.

मग मल्टीमीटर बीपवर ठेवून एक्सटी६० या बॅटरी कनेक्टरच्या दोन्ही पिनांना लावा. कपॅसिटरमुळे क्षणभर वाजून थांबला तर ठीक, पण वाजतच राहिला तर शॉर्ट आहे, बॅटरीला हात लावू नका. पहिल्या वेळी बॅटरी आणि ड्रोनच्या मध्ये स्मोक स्टॉपर (शॉर्ट असेल तर करंट अडवणारा जोड) हवाच हवा.

मोटरचे स्क्रू हा प्रकार फार जण विसरतात. स्क्रू २ मिमी जरी जास्त लांब असला तरी आत वाइंडिंगला घासतो, आणि कार्बनच्या फ्रेममधून करंट जातो हे लक्षात असू द्या. एक प्रोब स्क्रूवर, दुसरा मोटरच्या वायरवर, बीप यायला नको.

मोटर घेताना केव्ही (लोड नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे) बघा. ६एस (सहा सेलची) बॅटरी फुल असताना २५.२ व्होल्ट देते, तिच्यावर ४एसच्या २४०० केव्हीच्या मोटर लावल्या तर मोटर आणि ईएससी दोन्ही तापून मरतात, ६एसला १७०० ते १९५० बरोबर. आणि व्हीटीएक्सला (व्हिडिओ पाठवणाऱ्या ट्रान्समीटरला) अँटेना लावल्याशिवाय पॉवर देऊ नका, एक मिनिटसुद्धा नको.

आता बीटाफ्लाइट, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या फ्लाइट कंट्रोलर बोर्डाचं सॉफ्टवेअर. प्रोपेलर काढून ठेवा, मगच लॅपटॉप उघडा.

टेकऑफलाच ड्रोन उलटा होतो हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि लोक लगेच पीआयडीमध्ये (ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये) हात घालतात, पण तिथे काहीच नसतं. आधी ड्रोन हातात घेऊन पुढे झुकवा, स्क्रीनवरचं मॉडेल तसंच झुकतंय का बघा, कारण यूएसबी बाजूला यावी म्हणून बोर्ड ९० अंश फिरवून बसवलेला असतो आणि सेटिंगमध्ये ते सांगायचं राहून जातं. मग मोटरचा क्रम: १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. मग फिरण्याची दिशा, आणि शेवटी प्रोपेलर त्या दिशेचेच आहेत का.

रिसीव्हर रिमोटशी बाइंड झाला (जोडला गेला) पण स्टिक हलवून काहीच हलत नसेल तर बहुतेक टीएक्सला टीएक्स जोडलंय. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) जातं, आरएक्स टीएक्सला, आणि पोर्ट्समध्ये त्याच यूएआर्टचं (या पिनांच्या सिरियल पोर्टचं) सिरियल आरएक्स चालू लागतं.

फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) 'ड्रॉप' ठेवा, म्हणजे मोटर बंद होतात. प्रोपेलर नसताना आर्म करा (मोटर फिरू द्या), रिमोट बंद करा, थोड्याच वेळात मोटर थांबल्या पाहिजेत. नाही थांबल्या तर मैदानावर जाऊच नका, तिथे पोरं खेळत असतात.

पहिलं उड्डाण ३० सेकंदांचं, गुडघ्याच्या उंचीवर. उतरवा, बॅटरी काढा आणि चारही मोटरना बोट लावून बघा. एकच जास्त गरम असेल तर तिचे स्क्रू पुन्हा मोजा.