अंब्रेला पाम करपतोय? या चुका टाळा

नर्सरीतून आणलेला अंब्रेला पाम महिनाभर झकास दिसतो. मग काडीच्या शेंड्यावर पात्यांची जी छत्री असते, तिच्या टोकांना तपकिरी कडा येते आणि घरात सल्ले सुरू होतात. पाणी जास्त होतंय, दोन दिवसांआड घाल. ताटलीत पाणी साचू देऊ नकोस, मुळं कुजतील. तुळस, गुलाब, जास्वंद, मनीप्लांट यांच्यासाठी सल्ला उत्तम आहे. अंब्रेला पाम नेमका याच सल्ल्याने मरतो.

कारण तो पाम नाहीच. शेतात आणि अंगणात ज्या लव्हाळ्याने जीव नकोसा होतो, त्याच्याच सायपरस कुळीतलं हे शोभेचं झाड. मूळ घर आफ्रिकेतल्या उष्ण भागात, नदी-ओहोळांच्या काठच्या चिखलात. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी ज्याच्यापासून लिहायचे कागद करत, तो पपायरसही सायपरसच. इंटरनेटवर माहिती शोधताना ‘सायपरस’ हाच शब्द घाला. ‘अंब्रेला प्लांट’ असं शोधलंत तर निम्मी माहिती शेफ्लेराची मिळते. हाताच्या पंजासारखी जाड, चकचकीत पानं असलेलं ते झाड वेगळं आणि त्याला दोन पाण्यांमध्ये माती सुकू द्यावी लागते. तो नियम इथे लावला की खेळ संपला.

माती सुकू देणे

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही. या झाडाची माती कायम ओली हवी, नुसती दमट नव्हे. कुंडी खोलगट ताटलीत किंवा जुन्या घमेल्यात ठेवून तळाशी दोन-तीन बोटं पाणी असू द्या, किंवा भोक नसलेल्या मोठ्या कुंडीत ही कुंडी आत बसवा. हौदात ठेवणार असाल तर मातीतल्या गड्ड्यावर (जिथून काड्या फुटतात तो जाड भाग) चार बोटांपेक्षा जास्त पाणी नको. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, अकोला, संभाजीनगरच्या गच्चीवर सकाळी भरलेली ताटली दुपारपर्यंत कोरडी होते, तिथे ताटलीपेक्षा टबच बरा.

गावाला जाऊन आल्यावर सगळं झाड वाळलेलं दिसलं तरी लगेच फेकू नका. सगळ्या काड्या बुडापासून दोन इंच ठेवून कापा आणि कुंडी पाण्यात उभी करा. मातीखालचा गड्डा दाबून बघा. टणक लागला तर काही आठवड्यांत मातीतून हिरवे कोंब वर येतात. मऊ लागला, वास आला, तर गेला.

पाणी ठेवलं, पण डासांचा विचार केला नाही

आता याची दुसरी बाजू. ताटलीतलं साचलेलं स्वच्छ पाणी हे डेंग्यूच्या डासाला आवडणारं ठिकाण. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचंच. नुसतं ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून ताटली काथ्याने घासायची. पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा याच ताटल्या आधी बघतात, आणि त्यात काही चुकीचं नाही.

मोठ्या टबात गप्पी मासे सोडा, अळ्या ते खातात. पण मासे असले की दोन पथ्यं आलीच. टबात युरिया, डीएपी टाकायचं नाही आणि कीटकनाशक किंवा कडुनिंबाचं तेल त्या पाण्यावर फवारायचं नाही. हे गप्पी नको झाले म्हणून जवळच्या ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. तिथल्या देशी माशांना त्यांचा उपद्रव होतो.

कोकोपीट, कच्चं शेणखत आणि हलकी कुंडी

आजकाल कुठल्याही झाडाला कोकोपीट घालायची सवय लागली आहे. इथे ते पाण्यावर तरंगून येतं, पाणी चहासारखं होतं आणि गड्ड्याला आधार उरत नाही. या झाडाला जड माती हवी: पोयटा किंवा काळी माती, त्यात पाचवा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि वर बोटभर जाडीचा बारीक खडीचा थर. निचऱ्यासाठी वाळू घालायची गरज नाही, निचरा व्हायलाच नको आहे.

खत अर्धवट कुजलेलं असेल तर साचलेल्या पाण्यात ते हवेविना सडतं. पाणी काळपट होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी औषध शोधत बसू नका. झाड बाहेर काढा, मुळं नळाखाली धुवा, काळी पडलेली मऊ मुळं कापा आणि नव्या मातीत लावा.

कुंडी उंचीला कमी आणि बुडाला रुंद निवडा. चार फूट वाढलेलं झाड वाऱ्याचा एक झोत आला की कलंडतं, आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावर असेल तर खालच्यांचं डोकं फुटायचं. कठड्यावर नकोच.

सावलीत ठेवणे

घरात राहतं म्हणून हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे ते जगतं, पण काड्या बारीक, लांबुळक्या होऊन आडव्या पडायला लागतात. लोक मग काडीला दोरी बांधतात. दोरी सोडा, झाड उजेडाला न्या. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन मिळालं तर पुढचे फुटवे आपोआप ताठ येतात. पडलेली काडी मात्र पुन्हा उभी होत नाही. उलट टोकाला, पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्यातलं दुपारचं ऊन छत्र्या पांढुरक्या करून टाकतं, तिथे हिरवी जाळी लावा. एसीच्या झोतासमोर ठेवलं तर पाणी कितीही असो, टोकं करपणार. परदेशात हिवाळ्यात हीटरजवळ ठेवलं तरी तेच. बाहेर बर्फ पडत असेल तर झाड घरात घ्यावंच लागेल, त्यातल्या त्यात खिडकीजवळची थंड जागा बरी.

सगळ्या पिवळेपणाला एकच औषध

पिवळं दिसलं की खत, ही आपली जुनी खोड. आधी बघा काय पिवळं आहे.

बाहेरच्या जुन्या काड्या एकेक करून पिवळ्या पडतायत आणि मधून हिरवे कोंब येतायत, तर तो आजार नाही. प्रत्येक काडीचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं. जुन्या काड्या सगळ्या एकदमच फिकट झाल्या आणि नवे फुटवेही कमी आले, तर नत्र कमी आहे. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही फेब्रुवारी ते ऑक्टोबर. थंडीत झाड थंडावतं, तेव्हा खत नको.

जुन्या छत्र्या हिरव्यागार आणि नव्या मात्र लिंबासारख्या पिवळट, हे तिसरं लक्षण बोअरच्या पाण्यावर फार दिसतं. जड, क्षारयुक्त पाण्यात लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कृषी केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह मिळतं, ते लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी छत्र्यांवर फवारा. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला असेल तर महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढा. त्यासाठी पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच.

छत्रीच्या मधोमध हिरवट-तपकिरी गुच्छ येतो, तोही रोग नाही. ती फुलं आहेत. दिसायला सामान्य आहेत, पण बी पडून शेजारच्या कुंड्यांत रोपं उगवतात, त्यामुळे बी धरण्याआधी ती काडी काढलेली बरी.

काडी मध्येच कापणे

टोकं करपली म्हणून लोक काडी अर्ध्यात छाटतात आणि बाजूने फांदी फुटायची वाट बघतात. ती फुटत नाही. एखादी काडी कापून हातात घेतलीत तर लक्षात येईल: बुडाशी तपकिरी खवल्यांसारखी आवरणं आहेत, तीच काय ती या झाडाची खरी पानं. तिथून छत्रीपर्यंत काडी सरळ गुळगुळीत, उसाला किंवा बांबूला असतात तशी पेरं कुठेच नाहीत. पेर नाही म्हणजे डोळा नाही, डोळा नाही म्हणजे फुटवा नाही. म्हणून करपलेली काडी बुडापासूनच कापायची. नुसती टोकं करपली असतील तर कात्रीने तेवढीच टोकं तिरकी छाटा.

कटिंग लावून रोप होत नाही अशी तक्रारही याच कारणाने येते. छाटलेली काडी मातीत खोचली तर ती कुजते. रोप होतं ते छत्रीपासून. निरोगी, तपकिरी न झालेली छत्री काडीच्या दोन इंच तुकड्यासकट कापा, तिची पात्यांसारखी टोकं अर्ध्यावर आणा आणि ती पाण्याच्या वाटीत उलटी ठेवा, काडी वर, छत्री पाण्यात. पाती जिथे एकत्र येतात त्या मध्यावरून दोन ते चार आठवड्यांत पांढरी मुळं आणि छोटे कोंब निघतात. कोंब बोटभर झाले की चिखलात लावा. वाटीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. पपायरसवर मात्र हा प्रयोग करण्यात वेळ घालवू नका, त्याचा गड्डाच वाटून लावा.

कीड आणि मांजर

कीड फारशी लागत नाही. कोरड्या हवेत कोळी ही अगदी बारीक कीड लागते, छत्रीवर बारीक पांढरे ठिपके आणि जाळी दिसते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं की बहुतेक वेळा भागतं. बुडाशी पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, उन्हं कलल्यावर. घरात मांजर असेल तर ते छत्र्या कुरतडणारच. मांजरांना हे गवत इतकं आवडतं की याच झाडाची ‘झुमुला’ ही जात परदेशात खास मांजरांसाठी विकतात. शेफ्लेरा मात्र मांजरांना बाधतो, तेव्हा दुकानातून आणताना कुठली अंब्रेला आणतोय ते बघून आणा.

गड्डा वर्षानुवर्षे तसाच ठेवणे

दीड-दोन वर्षांत कुंडी गच्च भरते, प्लॅस्टिकची असेल तर फुगते, कधी चिरते. मध्यभाग मरतो आणि झाड कडेकडेने वाढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या सुरुवातीला गड्डा बाहेर काढा. हाताने सुटणार नाही, कोयता किंवा जुनी करवत लागते. बाहेरच्या कडेचे चार-पाच फुटवे असलेले तुकडे लावा, मधला जुना लाकडासारखा भाग टाकून द्या. टाकायचा म्हणजे कंपोस्टमध्ये, तोही उन्हात खडखडीत वाळवून. ओढ्याच्या काठी भिरकावलेला ओला तुकडा तिथेच रुजतो. ऑस्ट्रेलिया आणि हवाईमध्ये बागेतून निसटलेलं हे झाड पाणथळ जागांतलं तण होऊन बसलं आहे. चांगले तुकडे सोसायटीत वाटा, घेणारे मिळतात. फक्त देताना ‘खाली पाणी ठेव’ एवढं सांगा, नाहीतर तेही दोन दिवसांआड पाणी घालतील.