क्वर्क लावण्याआधी: दोष नेमका कुणाचा?

क्वर्क म्हणजे एखाद्या हार्डवेअरच्या खोडीला वळसा घालण्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये केलेली खास नोंद. तिचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दिसायला किरकोळ असतो. एका टेबलात एक नवी ओळ, फार तर तीन. त्यामुळे कर्नलमध्ये नवीन आलेले बरेच जण 'सुरुवातीला काहीतरी सोपं' म्हणून या कामाकडे वळतात. कोड सोपा असतो हे खरंच. वेळ खातं ते हे ठरवणं, की ती ओळ कुणाच्या नावावर टाकायची. चिपच्या? डिव्हाइस आणि मशीन जोडणाऱ्या मधल्या ब्रिज चिपच्या? बोर्डाच्या? की खोट आपल्याच कर्नलमध्ये आहे? फ्लॅश स्टोरेजच्या ड्रायव्हरवर काम करताना मी जे शिकलो, त्यातलं बहुतेक या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं.

पहिलं काम म्हणजे जुनी टेबलं वाचणं. एमएमसी कोअरमधली, म्हणजे मेमरी कार्डं आणि ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश) सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागातली, 'क्वर्क्स डॉट एच' ही फाइल घ्या. छोटी आहे, चहा संपेपर्यंत वाचून होते. तिथे सॅमसंगच्या काही जुन्या मूव्हीनँड ईएमएमसी चिप्सची यादी आहे. यांवर सिक्युअर इरेज किंवा सिक्युअर ट्रिम (डेटा परत मिळू नये असा पुसणाऱ्या कमांड्स) केलं तर फर्मवेअरमधल्या बगमुळे डेटा कायमचा जाऊ शकतो, असं वरच्या कॉमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय. गंमत अशी की या चिप्स स्वतः 'मला हे जमतं' असं सांगतात. स्टोरेजमधले बरेच क्वर्क याच जातीचे: डिव्हाइस नोंदीत एक बोलतं आणि करतं भलतंच.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट बघा. प्रत्येक नोंद निर्मात्याच्या क्रमांकाबरोबर चिपच्या नावावरही जुळवलेली आहे. ही माहिती चिपची ओळख ठेवणाऱ्या सीआयडी रजिस्टरमधून येते आणि सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींसारखी दाखवतो ती जागा) सरळ वाचता येते: निर्माता, नाव, तारीख. नुसत्या निर्मात्याच्या क्रमांकावर क्वर्क लावला, तर त्या कंपनीच्या सगळ्या चिप्सची ती सोय बंद होते, अजून बाजारात न आलेल्यांचीसुद्धा. आणि एकदा लागलेला क्वर्क सहसा कुणी काढत नाही, कारण काढून बघायला ते जुनं हार्डवेअर कुणाकडे उरलेलं नसतं.

पण ओळख पटवणंही दरवेळी सरळ नसतं. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ या एसपीआय नॉर चिपचे (सहसा बूटचा कोड ठेवणारी छोटी फ्लॅश) 'ई' आणि 'एफ' असे दोन अवतार आहेत. दोघांचा जेडेक आयडी, म्हणजे विचारल्यावर चिप सांगते तो ओळखक्रमांक, एकच. 'एफ'ला चार बाइटी पत्त्यांच्या वेगळ्या कमांड्स कळतात, 'ई'ला कळत नाहीत. मग ओळखायचं कसं? ड्रायव्हर चिपमधलं एसएफडीपी टेबल (चिपने दिलेली स्वतःच्या क्षमतांची यादी) वाचतो आणि त्यात ४-४-४ फास्ट रीडची (कमांड, पत्ता आणि डेटा तिन्ही चार तारांवरून) सोय जाहीर केलेली दिसली की ती 'एफ' मानतो. म्हणजे ज्या गुणाशी आपल्याला काही देणंघेणं नाही, त्याच्यावरून ओळख पटवायची. मला हा तुकडा फार आवडतो. नव्या माणसाने एसपीआय नॉरचा कोड इथूनच वाचायला घ्यावा.

यूएसबीच्या बाबतीत वेगळीच फसगत होते. बाहेरच्या एसएसडीच्या डब्यावर जे व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी दिसतात, ते बहुधा आतल्या ब्रिज चिपचे असतात, ड्राइव्हचे नव्हे. एकच ब्रिज अनेक कंपन्यांच्या डब्यांत बसलेला असतो, तोही वेगवेगळ्या फर्मवेअरसह. म्हणून तिथल्या नोंदीत आवृत्तीची खालची-वरची मर्यादा देता येते. ती डोळे झाकून शून्यापासून शेवटपर्यंत भरू नका. यूएएसवर (यूएसबी ड्राइव्हशी बोलण्याची नवी, वेगवान पद्धत) शंका असेल, तर आधी कर्नलच्या कमांड लाइनवर यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स पॅरामीटरमध्ये त्या आयडीपुढे 'यू' देऊन बघा. यूएएस बाजूला पडतं आणि एक ओळही कंपाइल न करता निदान पुढे सरकतं.

कधी एकट्या डिव्हाइसला दोष देता येत नाही, जोडी वाईट असते. २०१७ मध्ये एनव्हीएमई (पीसीआय बसवरच्या एसएसडींच्या) ड्रायव्हरमध्ये एपीएसटी आलं, म्हणजे ड्राइव्हने आपलं आपण कमी विजेच्या अवस्थेत जायचं. त्यानंतर सॅमसंगचे काही ड्राइव्ह सर्वात खोल अवस्थेत गेले की मध्येच पीसीआय बसवरून गायब होऊ लागले. पण सगळ्या मशीनवर नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये ड्राइव्हच्या आयडीबरोबर मशीनचं नावही तपासलं जातं: डेलचा एक्सपीएस १५ ९५५० किंवा प्रिसिजन ५५१० असेल, तरच ती अवस्था वर्ज्य. हा कोड दिसायला ओंगळ आहे, पण पुरावा जेवढा होता तेवढाच तो बोलतो.

बोर्डाच्या दोषाचा माझा अनुभव एका एसपीआय नॉर चिपचा. पॉवर बंद-चालू केली की मशीन नीट सुरू होई, पण रिबूट दिला की बूटलोडरची पहिली ओळसुद्धा येत नसे. सगळ्यांचं बोट चिपकडे. लॉजिक ॲनालायझर लावला तेव्हा बूट रॉम (प्रोसेसरमधला सर्वात आधी चालणारा कोड) चिपला तीन बाइटी पत्ते पाठवताना दिसला, आणि चिप मात्र चौथ्या बाइटची वाट बघत बसलेली. १६ एमबीच्या वर जाण्यासाठी कर्नलने तिला चार बाइटी मोडमध्ये टाकलं होतं, आणि रिबूटच्या वेळी तिला रिसेट करणारी तारच बोर्डावर नव्हती. चिपचा काहीच गुन्हा नाही. यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारं वर्णन) 'ब्रोकन-फ्लॅश-रिसेट' नावाची प्रॉपर्टी आहे, म्हणजे नोंद बोर्डाच्याच नावावर पडते. ती दिली की कर्नल मोड बदलताना जपून वागतो, पण अचानक वॉचडॉगने (मशीन अडकली की तिला रिसेट करणारा टायमर) रिसेट मारला तर तोही काही करू शकत नाही. पुढच्या बोर्डावर तार ओढून घ्या.

आणि खोट कर्नलचीच असू शकते. २०१५ साली अल्गोलिया या सर्च कंपनीच्या सर्व्हरवर फायलींचे तुकडे शून्यांनी भरलेले सापडू लागले. संशय गेला सॅमसंगच्या एसएसडींच्या ट्रिमवर, म्हणजे कोणते ब्लॉक आता लागत नाहीत ते ड्राइव्हला कळवणाऱ्या कमांडवर; कर्नलमध्ये याच विनंतीला डिस्कार्ड म्हणतात. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी खोलात जाऊन पाहिलं, तर डिस्कार्डची विनंती रेड-० मध्ये (अनेक डिस्क जोडून एक करणारा थर) तुकडे करून पाठवताना लिनक्सच चूक करत होता. गोंधळात भर म्हणजे त्याच सुमारास सॅमसंगच्या ८०० मालिकेसाठी क्यूड ट्रिम (इतर कमांड्सबरोबर रांगेत पाठवलेली ट्रिम) बंद करणारी नोंद लिबएटीएमध्ये (सॅटा ड्राइव्ह सांभाळणारा कर्नलचा भाग) आली, आणि तिचं कारण वेगळं होतं. दोन्ही गोष्टी लोकांनी एकातच कालवल्या.

तेव्हा ट्रिमवर शंका आली की मी आधी सिसएफएसमधल्या त्या डिस्कच्या क्यू फोल्डरमध्ये 'डिस्कार्ड मॅक्स बाइट्स'मध्ये शून्य लिहितो. कर्नल डिस्कार्ड पाठवणं थांबवतो. मग एफआयओने (डिस्कच्या चाचणीचं साधन) व्हेरिफायसकट तासन्‌तास लिहून-वाचून बघायचं. गडबड थांबली, तर धागा मिळाला, पण पुरावा नाही: डिस्कार्ड कर्नलच्या अनेक थरांतून जातं आणि खोट त्यातल्या कुठल्याही थरात असू शकते. म्हणून रेड, एन्क्रिप्शन असे मधले थर काढून नुसत्या डिस्कवर तोच प्रयोग करा. दुसऱ्या कंट्रोलरवर करा. त्याच मॉडेलचा, पण वेगळ्या फर्मवेअरचा नग मिळाला तर त्याच्यावरही करा.

पॅच पाठवताना खरा मजकूर कमिट मेसेजमध्ये असू द्या. लक्षणं, डी-मेसेजमधल्या (कर्नलचा लॉग) नेमक्या ओळी, सीआयडी किंवा मॉडेलचं नाव, फर्मवेअरची आवृत्ती, कोणकोणत्या मशीनवर पाहिलं, आणि काय करून बघितलं तरी उपयोग झाला नाही. जुन्या कर्नललाही हवा असेल तर स्टेबलची सीसी ओळ, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना प्रत जाते. मेंटेनरचा (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचा) पहिला प्रश्न बहुतेक असा येतो: निर्मात्याला विचारलं का, नव्या फर्मवेअरमध्ये हे सुधारलंय का? उत्तर 'हो' असेल, तर नोंद जुन्या आवृत्तीपुरतीच करायला सांगतील, आणि मग तुम्हाला ते नवं फर्मवेअर घालून सगळी चाचणी पुन्हा करावी लागेल. तेवढी सवड ठेवूनच पहिली मेल पाठवा.