गोणपाटावरची साक्ष: गटानं कथापट कसा शिवावा

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतर हजारो माणसं धरली गेली, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत, आणि वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख येईना. सांतियागोच्या गरीब वस्त्यांतल्या बायका चर्चच्या आधारानं जमू लागल्या आणि जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून हे सगळं गोणपाटावर शिवू लागल्या. या पटांना तिथे आर्पिएरा म्हणतात. कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या 'व्हिकारिआ दे ला सोलिदारिदाद' या संस्थेनं हे पट विकत घेऊन परदेशी पोचवले. बायकांच्या घरात चार पैसे आले आणि देशात दाबलेली बातमी बाहेर गेली.

ही पद्धत कुठलाही गट उचलू शकतो. मात्र ती आधी साक्ष आहे, कलाकुसर नंतर. हा क्रम उलटला की पट देखणा होतो आणि काहीच सांगत नाही.

गट ८ ते १२ जणांचा ठेवावा. त्याहून मोठा झाला की दोन-चार जण बोलतात आणि बाकीचे सुया ओवत बसतात. बैठक २ तासांची, एका पटाला ५ ते ६ बैठका धरा. पहिल्या बैठकीत कापड काढूच नका. ज्याला सांगायचंय त्यानं सांगावं, कुणाला आग्रह नको, मध्येच उठून जायची मुभा सगळ्यांना हवी. पुढच्या बैठकांत हात कामात असले की तोंडं आपोआप उघडतात. खाली सुईकडे बघत बोलणं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा खूप सोपं जातं. एक नियम मात्र पक्का: दुसऱ्याची हकिगत त्याच्या परवानगीशिवाय शिवायची नाही. शेवटची १५ मिनिटं आवराआवरीला, इकडच्या तिकडच्या गप्पांना आणि सुया मोजायला. मन जड झालेल्या माणसाला तसंच उठवून घरी धाडू नये.

आता प्रसंग कुठला घ्यायचा? एका पटावर एकच. तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे: कोण, कुठे, काय करतंय. "अन्याय झाला" हे वाक्य शिवता येत नाही. "तीन बायका तुरुंगाच्या फाटकाशी फोटो घेऊन उभ्या आहेत" हे येतं. प्रत्यक्ष मारहाण दाखवायचा मोह टाळा. पटावरची माणसं म्हणजे छोट्या कापडी बाहुल्या, त्यांत ती खेळण्यासारखी दिसते. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण जास्त बोलतो. चिलीतल्या पटांवर वस्तीतलं सामुदायिक स्वयंपाकघर आहे, बंद पडलेला कारखाना आहे, पाण्याच्या नळाशी लागलेली रांग आहे. कुएका हा तिथला जोडीनं करायचा नाच. बेपत्ता माणसांच्या घरच्या बायका १९७८ पासून तो जाहीरपणे एकट्यानं नाचू लागल्या, आणि पटांवर तो तसाच आला: हातात रुमाल घेतलेली बाई आणि समोर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत काही न शिवणं, हेच सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात, कुणीतरी तिथे हमखास फूल लावतं. ते काढायला सांगा.

सामान साधं आहे. गोणपाट बारीक विणीचं घ्या. जाळीदार असेल तर टाके आरपार निसटतात. आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पुढे ते आटतं आणि वरची ठिगळं फुगतात. तुकडा ४५ × ५५ सेंमी कापा, चारही बाजू अडीच सेंमी आत दुमडा म्हणजे पट ४० × ५० सेंमीचा होईल. दुमड लगेच शिवून टाका, कारण गोणपाटाचे धागे बघता बघता सुटतात. ठिगळांसाठी सुती कापड उत्तम. टी-शर्टचं कापड ताणतं, सिंथेटिक इस्त्रीखाली वितळतं. चिलीत काही बायकांनी बेपत्ता माणसाच्याच शर्टाचा तुकडा वापरला. तसं कुणाला करायचं असेल तर आधी कात्री लावू नका, एका बैठकीचा वेळ जाऊ द्या. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या, लांबी ४५ सेंमीच्या वर नको, गुंतून गाठी पडतात.

कागदावर त्याच मापाचं चित्र काढा आणि मागून पुढे या: आधी आकाश, मग डोंगर किंवा इमारती, मग रस्ता, शेवटी माणसं. प्रत्येक ठिगळाला अर्धा सेंमी माया, म्हणजे कडेला जास्तीचं कापड, ठेवून कडा आत दुमडायची. सगळी ठिगळं आधी कच्च्या टाक्यांनी बसवा, पट भिंतीला लावून लांबून बघा आणि मगच पक्के टाके घाला. घाईत पक्कं शिवलेलं उसवताना गोणपाटाला भोकं पडतात. दोरा ओढून आवळू नका. पटाला चुण्या पडतात त्या बहुधा यामुळेच.

बाहुली ७ सेंमीची पुरे. डोक्यासाठी ४ सेंमी व्यासाचं गोल कापड, कडेनं धावदोरा, मध्ये चिमूटभर लोकर किंवा कापूस, दोरा ओढून गाठ. धडासाठी कापडाची छोटी गुंडाळी, हातांसाठी त्याहून बारीक, केसांना लोकरीचे चार धागे. चेहऱ्यावर दोन डोळ्यांच्या गाठी एवढंच. कुणाचा चेहरा ओळखू येईल असं काही नको. बाहुली मान, कंबर आणि पाय अशा तीन जागी टाचा. नुसती पाठ टाचली तर पट उभा टांगल्यावर सगळी माणसं पुढे लोंबकळतात.

अक्षरं कमीत कमी. घोषणा शिवायला वेळ खूप लागतो आणि ती वाचली की बघणारा पुढे सरकतो. मोर्चातल्या फलकावर दोन शब्द असतील तर ठीक.

मागच्या बाजूला सुती अस्तर लागतं. चिलीतल्या अनेक पटांच्या पाठीला एक छोटा खिसा असे आणि त्यात प्रसंग सांगणारी चिठ्ठी. खिसा ७ × ९ सेंमीचा करा आणि अस्तर पटाला जोडण्याआधीच त्यावर शिवा. नंतर शिवायला गेलात तर सुई पुढच्या चित्रातून बाहेर येते. टांगायची काठी घालायला वरची ५ सेंमीची पट्टीही तेव्हाच. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते. त्यात काय घडलं आणि कोणत्या वर्षी, एवढं तीन-चार ओळींत. नाव, पत्ता, गट जमतो ती जागा: यातलं काही नाही. पटावर सहीही नको. शेवटी कडेनं लोकरीचा काज-टाका घाला.

जोखीम असेल तर फोटो काढताना फोनमधलं लोकेशन बंद ठेवा, फ्रेममध्ये कुणाचे हात किंवा खोलीची ओळखीची भिंत येऊ देऊ नका. पुढची बाजू, पाठ आणि चिठ्ठी असे तीन फोटो वेगळे काढा.

चांगल्या शिवणाऱ्या बाईकडे लक्ष ठेवा. ती मायेनंच शेजारणीचे वाकडे टाके उसवून सरळ घालून देते, आणि दोन बैठकांत सगळे पट एका हातचे दिसू लागतात. तिला बाहुल्या कापायचं काम द्या. विक्री सुरू झाली की वेगळी ओढ लागते: रंगीत, हसरे पट लवकर खपतात. म्हणून विकायचे आणि जपायचे पट सुरुवातीलाच वेगळे ठरवा.

जपायचे पट घडी घालून ठेवू नका. चित्र बाहेरच्या बाजूला येईल असे जाड नळीवर गुंडाळा, वर सुती कापड. प्लास्टिकमध्ये दमट होतात. लोकरीला कसर लागते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी उघडून बघा. कोणता पट कुणाचा, दाखवायला परवानगी आहे की नाही, याची वही पटांपासून वेगळ्या घरी ठेवायची, तीही खुणेच्या आकड्यांनी. परवानगी देणाऱ्यानं उद्या ती मागे घेतली तर पट त्याच दिवशी भिंतीवरून उतरवायचा, कारण विचारायचं नाही.