पावसाळा ओसरताना नव्या कलमांची निगा

जून-जुलैमध्ये लावलेली आंबा, काजू, फणस, चिकू यांची कलमे पावसात तग धरतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात माना टाकतात, कारण तोपर्यंत त्यांची बहुतेक मुळे पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच असतात. म्हणून पाणी द्यावे की नाही, हे वरच्या मातीवरून ठरवू नये. खोडापासून चार बोटांवर या गोळ्यात बोट खुपसून पाहावे. आजूबाजूची काळी जमीन ओली असतानाही रोपवाटिकेच्या लाल मातीचा हा गोळा आत कोरडा सापडतो.

पाण्याची पाळी जमिनीवर अवलंबून राहील. कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, चंदगड, शाहूवाडीकडील जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही, तेथे थोडे थोडे पाणी तीन-चार दिवसांनी द्यावे. शिरोळ, हातकणंगल्याच्या भारी काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांचे अंतर पुरते. मात्र ही जमीन वाळताना भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात, त्यामुळे भेग दिसण्याआधीच आळ्यातील माती हलवून घ्यावी. उसाला पाणी सोडले की बांधावरच्या झाडालाही मिळते, ही समजूत अशा जमिनीत घातक ठरते, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. पाणी साचते तेथे आळ्याऐवजी खोडाला मातीची भर द्यावी आणि पाण्याला वाट काढावी.

आच्छादनासाठी आपल्याकडे उसाच्या पाचटाची वानवा नाही. चार ते सहा इंचांचा थर द्यावा, पण तो खोडाला भिडवू नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. पाचट पेटवून देण्यापेक्षा हा उपयोग कितीतरी बरा. त्याखाली वाळवी लागते, म्हणून पंधरवड्याने उचलून पाहावे. न कुजलेले शेणखत मात्र घालू नये, त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते.

कलमाच्या जोडाखाली खुंटावर, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्यावर, आलेली फूट कोवळी असतानाच बोटांनी मोडावी. ती वाढू दिली तर कलम मागे पडते आणि खुंटाचे रायवळ झाड उरते. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर ती ब्लेडने उभी चिरून काढावी, नाहीतर ती खोडात रुतते. आधाराच्या काठीला सुतळी इंग्रजी आठच्या आकारात, सैल बांधावी.

आंब्याला हिवाळ्यात मोहर आला तर पहिली तीन-चार वर्षे तो खुडून टाकावा. मन धजत नाही, हे खरे. परंतु पहिल्या दोन फळांच्या हौसेपायी फांद्यांची वाढ खुंटते.