मैनेच्या उजव्या जबड्यातला दात

अकलूजच्या बाजारातून मैना आणली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मारवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी अंगाची न् काळ्या आयाळीची, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. विकणाऱ्यानं तिला म्होरकीवर, म्हणजे तोंडात काही न घालता नुसत्या डोक्यावरच्या दोरीवर, चालवून दाखवलं, गायीसारखी गरीब. घरी आणून लगाम चढवला आणि तिसऱ्या दिवशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. मी खाली, डावं मनगट मोडलेलं. गावभर झालं, घोडी वंगाळ आहे, पोरीनं पैसे पाण्यात घातले. रात्र रात्र झोप लागायची नाही. तुमच्यापैकी कुणाची आज तीच गत असेल तर पुढचं नीट वाचा.

मनगट बरं झाल्यावर मी एका उस्तादांना बोलावलं. आठ दिवसांत सरळ करून देतो म्हणाले. जो माणूस घोडं बघायच्या आधी दिवस सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा, हे माझं ठाम मत आहे. त्यांनी काटेरी लगाम घातला. पहिले दोन दिवस मैना खरंच मुकाट चालली आणि मी खूश झाले. इथंच मी फसले. ती शिकली नव्हती, दुखण्यानं थिजली होती. पाचव्या दिवशी तिनं अशी उसळी घेतली की खोगीर पोटाखाली आलं. लगाम काढला तर दहान्याला, म्हणजे लगामाच्या तोंडात राहणाऱ्या दांडीला, रक्त होतं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण याच जागी चांगली घोडी बाद होतात. तोंड दुखतं म्हणून घोडं मान उडवतं. आपण त्याला मस्ती समजून लगाम ओढतो, त्यानं तोंड आणखी दुखतं, मग ते उभं राहतं. लोक म्हणतात, लगाम अजून कडक घाला. प्रत्येक पायरीला घोड्याचाच दोष दिसतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आणि काटेरी लगाम कायद्यानंही चालत नाही. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला बंदी आहे. बाजारात सर्रास मिळतो म्हणून तो बरोबर ठरत नाही.

मला वाचवलं ते पागेवरच्या म्हाताऱ्या मोतद्दार मामांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या मामांनी. त्यांनी मैनेला लांब दोरीवर फिरवायला लावलं, आधी नुसत्या म्होरकीवर, मग लगाम घालून, दोन्ही बाजूंना. म्होरकीवर ती दोन्हीकडं छान दुडकी चालली. लगाम घातल्यावर मामा म्हणाले, "पोरी, उजवीकडं वळताना बघ. तोंड उघडतीया, मान तिरकी धरतीया. डावीकडं काय बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी वरच्या जबड्यात, दाढांच्या अलीकडं बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं. उजवीकडं हिरडीखाली हरभऱ्याएवढा टणक उंचवटा लागला. लांडगेदात, म्हणजे दाढांपुढचा छोटा जादा दात. बऱ्याच घोड्यांना असतो, बहुतेकांना त्रास देत नाही. मैनेचा मात्र हिरडीखाली अडकला होता आणि दहाना नेमका त्यावर घासत होता. शिवाय दाढांना बाहेरून धारा आलेल्या, गालाला आतून जखमा. दात काढला, दाढा कानशीनं घासून घेतल्या. दात दरवर्षी तपासून घ्या. ते झाल्याशिवाय खोड मोडायची भाषा करू नका. खोगिराखालची पाठही दाबून बघा, तिथंही हेच घडतं.

दात गेला म्हणजे घोडी लगेच सुधारली असं मात्र नाही. भीती तोंडात नसते. चार महिने मी तिला म्होरकीवरच चालवली. या काळात घाबरू नका, मागं पडल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं.

मग प्रश्न आला, हिला करायला काय लावायचं? 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं ड्रेसाजमध्ये, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायच्या खेळात, सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच होतं. पण त्या संघाची घोडी युरोपात तयार झालेली, घडण वेगळी. मैना 20 बाय 60 मीटरच्या चौकटीत गोल फिरून घामाघूम व्हायची, शेपटी आपटायची. उड्यांना लावली तर दांड्याकडं धावतच सुटायची. मी वर्षभर हट्ट धरला. ते वर्ष तिचं फुकट गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

एकदा कंटाळून तिला कळंब्याच्या पुढं उसातल्या पाणंदीनं नेली. दोन किलोमीटर गेल्यावर कान पुढं झाले, मान सैल पडली आणि तिनं आपणहून रेवाळ, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी भरभर चाल, धरली. लगाम माझ्या हातात नुसता होता. तेव्हा एंड्युरन्सचं सुचलं, लांब पल्ल्याची शर्यत.

यात नुसतं पळणं कामाचं नाही. टप्प्यावर डॉक्टर तपासतात. नाडी ठरल्या वेळात मिनिटाला साधारण 64 ठोक्यांपर्यंत खाली यावी लागते, कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का बघतात, पोटाचा आवाज ऐकतात, दुडकी चालवून लंगडतंय का पाहतात. एक स्टेथोस्कोप घ्या. डाव्या कोपरामागं लावा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. विश्रांतीत 28 ते 44 असते. मैना 20 किलोमीटर करून आली की दहा मिनिटांत 60 च्या खाली येते. एवढ्यावरून शेफारून अंतर वाढवू नका. दम लवकर भरतो, पण पायांतल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, आणि हाडं तयार व्हायला वर्ष जातं. तिथं घाई केली की घोडं कायमचं लंगडं.

गाळप हंगामात आम्ही पहाटेच निघतो, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आणि त्यावरचा स्पीकर सुरू व्हायच्या आत. लगाम दाखवला की मैनेची मान अजून क्षणभर वर जाते. ती खाली येईपर्यंत मी तो हातातच धरून थांबते.