डब्ल्यूएनबीएची ऑल-स्टार निवड कशी पडताळावी

डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार (निवडक उत्तम खेळाडूंच्या) सामन्यात सुरुवातीला उतरणाऱ्या १० खेळाडूंची निवड पडताळताना केवळ चाहत्यांच्या मतांच्या आकड्यावर विसंबू नये. २०२५ च्या पद्धतीनुसार गार्ड (मुख्यतः बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणाऱ्या) आणि फ्रंटकोर्ट (मुख्यतः बास्केटजवळ खेळणाऱ्या) अशा दोन वेगळ्या याद्या कराव्यात, चाहत्यांच्या मतदानातील क्रमांकाची दुप्पट करून त्यात खेळाडूंच्या व पत्रकारांच्या मतदानातील क्रमांक मिळवावेत आणि बेरजेला ४ ने भागावे. उत्तर जितके लहान, तितके स्थान वरचे. त्या वर्षी गार्ड केटलिन क्लार्क चाहत्यांच्या पसंतीत पहिली होती, तर खेळाडूंच्या मतदानात गार्डांमध्ये नववी, आणि म्हणूनच तिन्ही क्रमांक समोर ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. वरचे ४ गार्ड आणि ६ फ्रंटकोर्ट खेळाडू निवडले जातात. उरलेल्या १२ राखीव खेळाडू संघांचे मुख्य प्रशिक्षक निवडतात. मात्र स्वतःच्या संघातील खेळाडूला त्यांना मत देता येत नाही.